हा झोपतो

फोन आला तेव्हा मिस्त्री जिन्यात होते. खांद्याला बायकोच्या लॅपटॉपची पिशवी, हातात तिचा स्वेटर आणि घरात घालायच्या चपला. तिनेच सकाळी सांगितलं होतं, "दुपारी येताना लॅपटॉप आणा हो, छताकडे बघून बघून डोळे दुखायला लागले." ऑपरेशन साधं होतं आणि झालंही नीट होतं. आता घरी कधी सोडतात एवढाच प्रश्न होता. म्हणून हॉस्पिटलचा नंबर दिसल्यावर मिस्त्रींना वाटलं, चार्जरची आठवण करून द्यायला तिनेच लावला असेल. फोन कानाला लावून ते म्हणालेसुद्धा, "घेतलाय, घेतलाय चार्जर."

पलीकडून एक अनोळखी बाई फार हळू आवाजात बोलायला लागली.

मिस्त्री खालीच बसले, पायरीवर. खांद्यावरून पिशवी घसरली आणि एकेक पायरी आपटत खालच्या वळणापर्यंत गेली. पुढे पुष्कळ दिवस त्यांना त्या बाईचे शब्द आठवायचे नाहीत, पिशवीचा आवाज मात्र आठवायचा. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, राहायचा बिनलिफ्टच्या इमारतीत. यावरून बायको त्यांची भरपूर थट्टा करायची. त्या दिवशी त्या जिन्यावरून उठायला त्यांना कुणाचा तरी हात घ्यावा लागला.

मुलगी आली. लांबच्या शहरात नोकरी करणारी, एकुलती एक. जे करायचं ते सगळं तिनेच केलं. माणसं येऊन गेली, घर पुन्हा रिकामं झालं, तेव्हा तिने आईचा लॅपटॉप टेबलावर घेतला. एक फोटो हवा होता तिला. झाकण उघडलं आणि ती "अरे देवा" म्हणाली.

स्क्रीन एका कोपऱ्यापासून तडकली होती. तड्यांमधून काळं पसरलं होतं, शाई सांडल्यासारखं. खाली डाव्या कोपऱ्यात तेवढी दोन बोटं रुंदीची जागा जिवंत राहिली होती. तिथे हिरवं काहीतरी दिसत होतं. नुसतं हिरवं.

"बाबा, हा गेला," मुलगी म्हणाली.

"गेला कसा? हिरवं दिसतंय ना."

"स्क्रीन गेली हो. आत चालू आहे. आई कधी बंद करायचीच नाही, नुसतं झाकण लावून ठेवायची. तिने जे उघडं ठेवलं होतं तेच असणार अजून."

हे शेवटचं वाक्य मुलगी सहज बोलून गेली आणि चहा ठेवायला उठली. मिस्त्री मात्र त्या हिरव्या पट्टीकडे बघत राहिले.

त्याला कारण होतं. हॉस्पिटलात भरती व्हायच्या सकाळी खाली गाडी येऊन उभी होती, हॉर्न वाजत होता, आणि बायको लॅपटॉपसमोर बसली होती. मिस्त्री दारात पिशवी घेऊन उभे.

"चल गं, गाडी आली."

"थांबा हो. एवढं एकच राहिलंय."

"आल्यावर कर."

"बरं बाई, आल्यावर," असं स्वतःलाच म्हणत तिने झाकण लावलं. लावताना वर तळहात टेकवला, लहान पोराला थोपटतात तसा. वस्तूंशी ती अशीच वागायची. शिलाई मशीन रुसायचं, इस्त्री डोक्यात राख घालून घ्यायची, आणि लॅपटॉप म्हणजे "हा". हा आज लाडात आलाय. ह्याला भूक लागलीय, चार्जर द्या.

तर ते एवढं एकच काय होतं, हा प्रश्न मिस्त्रींना पडला, आणि पडला तो सुटेना.

बायको घरी कपडे शिवायची. लोकांचे सैल करून द्यायची, घट्ट करून द्यायची, झिप बदलून द्यायची. कोणत्या गिऱ्हाइकाचं काय, याचे फोटो लॅपटॉपवर ठेवायची. म्हणजे कुणाचं तरी काहीतरी राहिलं असणार. मिस्त्रींच्या धंद्यात काम अर्धं सोडून घरी जायची सोय नसते. माणूस मध्ये अडकलेला असतो. त्यांनी कपाटातले सगळे कपडे काढले आणि हिरवं शोधलं. हिरवा कोट, हिरवा पडदा, हिरवं काहीही. काही सापडलं नाही. शिवून झालेले कपडे ते ज्याचे त्याला स्वतः पोचवून आले आणि प्रत्येकाला विचारलं, "काही राहिलंय का तुमचं?" लोक म्हणायचे, "नाही हो मिस्त्री, सगळं झालंय." वर पाठीवर हात ठेवायचे. मिस्त्रींना हात नको होता, उत्तर हवं होतं.

मुलगी जाताना म्हणाली, "बाबा, मी पुढच्या महिन्यात येते तेव्हा दुकानात नेऊ. आतली डिस्क काढून सगळं माझ्या लॅपटॉपवर घेता येईल. फोटोबिटो काही जाणार नाहीत."

"उघडं ठेवलेलं?"

"उघडं ठेवलेलं कसं येईल? जे सेव्ह केलंय तेवढं येईल."

"मग नको."

"अहो बाबा..."

"मी बघतो."

"तुम्ही? ही लिफ्ट नाहीये."

"दार आहे ना ह्याला? मग बघतो."

मुलगी त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. कारण हा घरातला जुना विनोद होता. मिस्त्रींचं म्हणणं असं की लिफ्ट बंद पडली की लोक मोटर बघतात, दोर बघतात, आणि खोट असते दारात. दार नीट लागलं नाही तर लिफ्ट हलत नाही. लिफ्टला दार उघडं आहे की बंद हे सांगणारं एक बारकं बटण असतं, ते खोटं बोललं की सगळा खेळ आटोपला. म्हणून आधी दार. हे त्यांनी घरी इतक्यांदा सांगितलं होतं की बायको त्यांना दारोबा म्हणायची. "दारोबा, जेवायला चला." भाजी खारट झाली तर म्हणायची, "बघा बरं, दार नीट लागलं नसेल."

स्क्रीनचं दुकान बाजारातल्या एका बोळात होतं. दुकान कसलं, दोन खुर्च्या मावतील एवढी जागा. चष्मा कपाळावर चढवून बसलेला एक गोल माणूस समोर चार लॅपटॉप उघडे टाकून बसला होता. त्याने मिस्त्रींचा लॅपटॉप उलटसुलट केला.

"ठेवून जा, मिस्त्री. संध्याकाळी घेऊन जा."

"मी घरी बसवीन. तुम्ही फक्त सांगा."

"घरी? का, माझ्यावर विश्वास नाही?"

"आत काम उघडं आहे बायकोचं. ते जायला नको."

"मग वहिनींना म्हणावं, बंद करा आणि..." स्क्रीनवाला थांबला. मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे त्याने तेव्हा नीट पाहिलं. चष्मा कपाळावरून खाली डोळ्यांवर आणला. "कधी?"

मिस्त्रींनी सांगितलं.

स्क्रीनवाल्याने मग काही विनोद केला नाही. चहा मागवला आणि सावकाश समजावलं. हा लॅपटॉप झाकण लावलं की झोपतो. चार्जरशिवाय बरेच दिवस पडला की बॅटरी संपत येते. तेव्हा तो शहाणा आहे, संपायच्या आत जे उघडं आहे ते सगळं पोटात लिहून ठेवतो आणि पूर्ण बंद होतो. "तुमचा तसा बंद झालाय. ही लाइट विझलीय, बघा. म्हणजे सगळं पोटात सुखरूप आहे. आता बॅटरी काढली तरी भीती नाही. नवी स्क्रीन लावा, बॅटरी जोडा, बटण एकदा दाबा. जसा होता तसा उठेल."

"आणि नाही उठला तर?"

"तिथेच तर गंमत आहे. नाही उठला तर सगळं जग तुम्हाला सांगेल, बटण दाबून धरा, बंद करून चालू करा. मीही सांगतो रोज. शंभरातल्या नव्वदांचं त्यानेच बरं होतं. पण तुम्ही तसं केलंत की आतलं उघडलेलं पुसलं जाईल. मग मला शिव्या देऊ नका."

"एकदा दाबायचं. दाबून धरायचं नाही."

"बस. एवढं ध्यानात ठेवा."

त्याने जुन्या स्क्रीनच्या मागचा नंबर जुळवून तशीच नवी दिली, आणि पातळ वायर कशी काढायची, तिच्यावरची चिकटपट्टी कशी जपायची, सगळं दाखवलं. निघताना म्हणाला, "स्क्रू सांभाळा. राईएवढे असतात. एक जरी हरवला तरी माणूस जमिनीवर रांगतो."

स्क्रूंची सोय मिस्त्रींकडे होती. बायकोची सुयांची डबी. बशीएवढी पसरट, तळाला लोहचुंबक. सुई, टाचणी काहीही वरून टाकलं की चिकटून बसायचं. ती डबी मशीनच्या उजव्या हाताला असायची, त्या जागेवरून हललेली तिला चालायची नाही. मिस्त्री कधी काही आवरायला जायचे आणि डबी उचलून दुसरीकडे ठेवायचे, की आतून आवाज यायचा, "अहो, तिथे नको, हा झोपतो." मिस्त्री म्हणायचे, "झोपू दे." तिच्या वस्तू रुसायच्या, चिडायच्या, मग एखादी झोपली तर त्यात नवल काय! डबी जागेवर ठेवून ते विसरून जायचे.

खिडकीजवळच्या टेबलावर त्यांनी तिची जुनी चादर अंथरली आणि काम मांडलं. लॅपटॉप मध्ये, हत्यारं उजवीकडे. डबी कुठे ठेवावी? स्क्रू काढले की हात आपोआप जातो तिथेच ती हवी. त्यांनी ती लॅपटॉपवरच ठेवली, कीबोर्डच्या खाली डावीकडे, जिथे टाइप करताना तळहात टेकतात तिथे. छान सपाट जागा होती. मनाशी म्हणाले, घे, तुझीच डबी, तुझ्याच लॅपटॉपवर.

कडेची पट्टी निघाली. तडकलेली स्क्रीन निघाली. नवी बसली, वायर खटकन लागली, पट्टी जपून चिकटवली. कडेची पट्टी मात्र त्यांनी लावली नाही. लिफ्टचं काम झालं तरी चालवून बघितल्याशिवाय झाकणं लावायची नाहीत, हा नियम. तिचे स्क्रू डबीतच राहिले. बॅटरी जोडली, चार्जर लावला, बटण एकदा दाबलं.

पंखा घुर्र करून फिरला. लाइट लागली.

स्क्रीन काळी.

मग पंखा थांबला, आणि लाइट हळूहळू मिणमिणायला लागली. लागायची, विझायची. परत बटण एकदा दाबलं. परत तेच. घुर्र, काळं, मिणमिण.

त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, बटण दाबून धरा, बंद होईल, मग परत..."

"ते नाही करायचं."

"पण सगळे तेच करतात!"

"सगळ्यांची आई नाही आत," मिस्त्री म्हणाले, आणि म्हणाल्यावर त्यांनाच कसंसं झालं. "म्हणजे, तिचं काम. काम उघडं आहे."

मुलीने बटणाचा नाद सोडला. मग म्हणाली, "बरं. घरातल्या टीव्हीला जोडता येतो का बघा."

घरातला टीव्ही म्हणजे जुना डबा. मिस्त्रींनी मागून चाचपून पाहिला. तसली वायर जायची जागाच नव्हती त्याला.

स्क्रीनवाल्याने फोनवर दुसरा उपाय सांगितला. कधीकधी चित्र येतं पण त्याच्या मागचा उजेड येत नाही. अंधार करायचा, टॉर्च तिरका मारायचा, चित्र पुसट दिसतं. दुपारची वेळ, खिडकीला पडदा पातळ. मिस्त्री लॅपटॉप घेऊन पांघरुणात शिरले. डबी सांडू नये म्हणून एका हाताने जागेवरच धरून ठेवली, दुसऱ्या हातात टॉर्च, गुडघ्यांचा तंबू. तेवढ्यात मुलीचा फोन.

"बाबा, तुमचा आवाज असा का येतोय?"

"पांघरुणात आहे."

"बरं नाही का?" तिचा आवाज चढला.

"लॅपटॉप बघतोय टॉर्चने."

"मी फोन ठेवते. हे आईला सांगायला हवं होतं," ती म्हणाली. आणि हेच तर आता करता येत नव्हतं.

पांघरुणात काही दिसलं नाही. काळं ते काळंच.

राहिली वायर. ती नीट बसली नसेल. पण वायर काढायची तर आधी बॅटरी काढायला हवी, नाहीतर आतला फ्यूज उडतो, असं स्क्रीनवाल्याने बजावलं होतं. आणि आता तर लॅपटॉप बंद नव्हता. अर्धवट जागा होता. आता बॅटरी काढली की आतलं सगळं पुसलं गेलं. हात लावला तर जातं, नाही लावला तर दिसत नाही.

मिस्त्री टेबलाशी बसून राहिले. त्यांना असे प्रसंग माहीत होते. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकलेली, आत माणूस, आणि बाहेर जमलेली दहा माणसं ओरडतायत, मिस्त्री, लवकर करा, लवकर करा. तेव्हा लवकर काही करायचं नसतं. मिस्त्रींनी चार्जर काढून घेतला आणि लॅपटॉप तसाच ठेवून दिला. बॅटरी आपोआप संपू दे. संपता संपता तो पुन्हा सगळं पोटात लिहून ठेवेल. घाई कुणाला आहे?

रोज सकाळी ते आधी त्या लाइटकडे बघायचे. मिणमिण चालू असायची. ते चहा करायचे, एक कप. सुरुवातीला दोन व्हायचे, दुसरा मग तेच प्यायचे. टेबल पुसताना लॅपटॉपच्या भोवतीने पुसायचे. त्या मिणमिणीची त्यांना सवय झाली. घरात दुसरं कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं. एका सकाळी लाइट विझलेली दिसली, तर आनंद व्हायच्या ऐवजी ते चहा न करता तिथेच बसून राहिले.

पण काम होतं. बॅटरी काढली, वायर काढून पुन्हा बसवली, टोकं फुंकून साफ केली, पट्टी पुन्हा जपून चिकटवली. निघालेले स्क्रू डबीत, डबी आपल्या जागेवर, कीबोर्डच्या खाली डावीकडे. बॅटरी जोडली, चार्जर लावला, बटण एकदा दाबलं.

घुर्र. काळं. मिणमिण.

त्या दिवशी मिस्त्री हरले. त्यांनी स्क्रीनवाल्याला फोन केला आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. "तुमची स्क्रीनच खराब आहे!"

"असेल," स्क्रीनवाला शांतपणे म्हणाला. "बदलून देतो. पण मिस्त्री, लाइट काय करतेय म्हणालात?"

"मिणमिणतेय."

"मग तो बिघडला नाहीये. मिणमिणतोय म्हणजे झोपलाय. उठतो आणि लगेच झोपतो. त्याला झोपवतंय कोण ते बघा."

"कोण झोपवणार? घरात मी एकटा."

"ते मला इथून काय दिसणार! नाहीतर घेऊन या, दाबून धरतो बटण आणि टाकतो एकदाचा उठवून."

मिस्त्रींनी फोन ठेवला. मग मुलीला लावला. "तू म्हणतेस तसं करतो," ते म्हणाले. "बंद करून चालू करतो. किती दिवस असं बसायचं!"

मुलीला जिंकल्यासारखं वाटलं नाही. "बाबा, नक्की ना? मी म्हणते म्हणून नका करू. मी येईपर्यंत राहू दे हवं तर."

"नको. जे राहिलंय ते राहिलं. कळलं नाही म्हणून काही अडत नाही कुणाचं."

"तुमचं अडतं ना."

"माझं काय," मिस्त्री म्हणाले.

फोन ठेवून ते टेबलाशी आले. बाहेर चांगलं ऊन होतं, कुठेतरी कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. त्यांनी बटणावर बोट नेलं आणि थांबले. हाताची सवय आडवी आली. लिफ्टमध्ये माणूस अडकला की सुटका करताना मेन बंद करावाच लागतो, आतला दिवा जातो, पंखा जातो. पण आतल्या माणसाला हाक मारल्याशिवाय मेनला हात लावायचा नाही. नाहीतर अंधारात ते माणूस घाबरतं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच सुचलं होतं, आणि आयुष्यभर त्यांनी ते पाळलं होतं.

म्हणून ते जरा पुढे वाकले.

"अगं," ते म्हणाले, "बंद करतोय बरं का. घाबरू नकोस."

खोलीत कुणी नव्हतं तरी त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग वाटलं, बंदच करायचं तर आधी स्क्रू तरी बाजूला घ्यावेत. हातबित लागून डबी उलटली तर कुठे रांगत बसणार? त्यांनी डबी उचलली.

पंखा घुर्र झाला. स्क्रीन उजळली.

मिस्त्री इतके दचकले की डबी हातातून सुटली आणि होती त्याच जागेवर टेकली. स्क्रीन काळी झाली.

ते तसेच उभे राहिले. मग दोन बोटांनी डबी उचलली. उजेड. ठेवली. अंधार. उचलली.

"दार!" मिस्त्री मोठ्याने म्हणाले.

दारच होतं. ह्यालाही एक बारकं बटण होतं, झाकण उघडं की बंद हे सांगणारं. झाकणात लोहचुंबक असणार, ते खाली आलं की ह्याला कळत असणार, दार लागलं, आता झोपा. आणि मिस्त्रींनी पहिल्या दिवसापासून तिथे लोहचुंबकाची डबी ठेवली होती. झाकण उघडं असून ह्याला वाटत होतं दार लागलंय. आयुष्यभर जगाला सांगितलं आधी दार बघा, आणि स्वतःच्या घरात स्क्रीन बघितली, वायर बघितली, पांघरुणात शिरले, दुकानदाराला बोल लावला. दार तेवढं बघितलं नाही.

*अहो, तिथे नको, हा झोपतो.*

आवरताना डबी ह्याच्यावर ठेवली की ती हेच ओरडायची. तिला माहीत होतं. थट्टा नव्हती ती. तिने पन्नासदा सांगितलं होतं, सरळ शब्दांत, आणि हे म्हणायचे झोपू दे. मिस्त्रींना हसू फुटलं. हसता हसता ते खुर्चीत बसले, आणि मग ते हसू राहिलं नाही. डबी त्यांनी पोटाशी धरली होती. स्क्रू तिला घट्ट चिकटून होते.

चेहरा पुसल्यावर त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं.

हिरवं होतं, स्क्रीनभर. हिरवं टेबल, आणि त्यावर मांडलेले पत्ते.

त्यांना आधी समजलंच नाही. त्यांना वाटलं काहीतरी मध्ये आलंय, खरं काम ह्याच्या मागे असेल. पण मागे काही नव्हतं. रांगेने पत्ते मांडले होते, काही उताणे, काही पालथे. एकट्याने खेळायचा डाव. तरुणपणी ती खरे पत्ते घेऊन चादरीवर मांडायची तोच. मिस्त्री शेजारी बसून चुका काढायचे आणि ती म्हणायची, "तुमच्या लिफ्टमध्ये मी बोलते का?"

त्यांनी मुलीला फोन लावला. तिने पहिल्याच घंटीला उचलला.

"गेलं का सगळं?"

"नाही. आहे. जसंच्या तसं आहे."

"खरंच? काय आहे?"

"पत्ते."

"कसले पत्ते? गिऱ्हाइकांचे?"

"खेळायचे पत्ते गं. डाव मांडलाय."

मग मुलगी असं हसायला लागली की मिस्त्रींना फोन कानापासून लांब धरावा लागला. "मला म्हणायची ऑर्डर आहे, नंतर बोलते! दरवेळी! ऑर्डर आहे म्हणे!" हसता हसता तिचा आवाज फाटला. मिस्त्रींनी तिला रडू दिलं. घाई नव्हती.

"मलाही सांगायची," ते नंतर म्हणाले. "काम चाललंय, मध्ये बोलू नका. मी आपला पाय न वाजवता फिरायचो घरात."

"आणि तुम्ही हिरवे कपडे शोधत बसलात."

"लोकांच्या दारोदार जाऊन विचारलं. राहिलंय का काही, राहिलंय का काही."

"सुटणारा डाव आहे का, बाबा?"

मिस्त्रींनी चष्मा लावला आणि पुढे सरकले. काळ्यावर लाल, लालवर काळा, उतरत्या क्रमाने, एवढं त्यांना आठवत होतं. नजर एकेका रांगेवरून फिरली. डावीकडून तिसऱ्या रांगेच्या टोकाला किलवरची अठ्ठी होती. अगदी उजवीकडे बदामाची सत्ती मोकळी पडली होती. आणि बाण तिच्या अगदी जवळ थांबलेला होता, उचलायच्या बेतात. खाली हॉर्न वाजला नसता तर उचललीच असती तिने.

"एक आहे," ते म्हणाले. "सरळ दिसतंय. सत्ती अठ्ठीवर जाते."

"मग लावा की."

"लावतो."

"लावली?"

"लावतो म्हटलं ना. पट्टीचे स्क्रू राहिलेत आधी."

मुलीने पुढे विचारलं नाही. पुढच्या आठवड्यातच येते म्हणाली, रजा मिळेल.

मिस्त्रींनी कडेची पट्टी बसवली. डबीतून एकेक स्क्रू सोडवून घेतला, घट्ट केला, एकही हरवला नाही. स्क्रीनवाल्याला फोन करून सांगितलं की स्क्रीन चांगली आहे, बदलायची गरज नाही, खोट माझ्या दारात होती. तो काय समजला कोण जाणे, पण "बरं झालं, मिस्त्री, बरं झालं," असं दोनदा म्हणाला. मग त्यांनी डबीत सुया आणि टाचण्या परत टाकल्या आणि ती शिलाई मशीनच्या उजव्या हाताला, तिच्या जागेवर नेऊन ठेवली.

लॅपटॉपला चार्जर लावलेला असतो. रात्री ते झाकण लावतात आणि वर तळहात टेकवतात. सकाळी उघडतात तेव्हा डाव तसाच असतो. किलवरच्या अठ्ठीवर बदामाची सत्ती ठेवायची राहिली आहे.